बारा पॉइंट सहा

आमच्या सोसायटीत माणसांना आडनावं आहेत, पण ती फक्त लेटरबॉक्सवर. एरवी सगळे खात्याच्या नावाने ओळखले जातात. क्वालिटीवाले, टूलरूमवाले, परचेसवाले, मेंटेनन्सवाले, सेफ्टीवाले. निगडी प्राधिकरणात हे असंच चालायचं. 1972 साली प्राधिकरण स्थापन झालं तेच मुळी कारखान्यांत कामाला आलेल्यांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून. माणसं राहायला आली ती आपापलं खातं सोबत घेऊन. निवृत्तीला पंधरा-वीस वर्षं झाली तरी ते सुटलेलं नाही. परचेसवाल्यांची सून सांगते, आमच्याकडे कोथिंबिरीच्या जुडीलाही तीन कोटेशनं लागतात, आणि ऑर्डर निघेपर्यंत जुडी सुकते.

या सगळ्यांत मी एकटा बँकवाला. म्हणजे आयुष्यात कधी काही बनवलं नाही असा माणूस. इतरांनी बनवलेल्या वस्तूंवर मी कर्ज दिलं, आणि ते वेळेत फेडा म्हणून पत्रं पाठवली. शेजारी मला प्रेमाने वागवतात, गणपतीत आरतीचं ताट धरायला देतात, पण माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिसला की काढून घेतात.

माझ्याकडे 2005 सालची एक पेट्रोल गाडी आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. सोसायटीत त्या कंपनीचे चार निवृत्त आहेत आणि तिच्या प्रतिस्पर्ध्याचे पाच. नाव घेतलं तर चौघं दुखावतील आणि पाच जण पेढे वाटतील. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी तिला आरटीओत नेऊन ती अजून गाडीच आहे हे सिद्ध करावं लागतं. 2020 मध्ये एकदा पास झाली होती. आता दुसरी खेप. श्रावणातला मंगळवार, सकाळी अकराची वेळ. मी नऊ वाजताच नवा शर्ट घालून खाली उतरलो, चावी फिरवली.

टक्.

एवढंच. पुन्हा फिरवली. टक्.

गाडी चालू न होण्याचेही सूर असतात, हे मला त्या दिवशी कळलं. टक-टक-टक-टक असं भराभर झालं तर बॅटरी उतरलेली. घर्र-घर्र होऊन पेट घेत नसेल तर पेट्रोल तरी येत नाही किंवा ठिणगी तरी पडत नाही. आणि एकच टक् होऊन पुढे शांतता पसरली, तर तो मामला गहन. सरकारी कार्यालयात साहेबांच्या केबिनचं दार वाजवल्यावर आतून फक्त खुर्ची करकरावी, तसा.

"कसला तरी वास येतोय," बायको म्हणाली. ती फाइल घेऊन शेजारी बसली होती. "टेरिकॉटवर इस्त्री विसरल्यासारखा. परवाही आला होता."

"तो बाहेरून येतोय," मी म्हणालो. छत्तीस वर्षं बँकेत काढल्यावर कुठलीही तक्रार दुसऱ्या शाखेची आहे असं सांगायची जिभेला सवय होते.

मग मी एक चूक केली. बॉनेट उघडलं.

आमच्या भागात बॉनेट उघडल्याचा आवाज म्हणजे पहिल्या पाळीचा भोंगा. चार मिनिटांत सगळी खाती हजर. मेंटेनन्सवाले पाना-पेटी घेऊनच आले. ती त्यांच्या दाराशी चपलांच्या रॅकशेजारी कायम तयार असते. सेफ्टीवाल्यांनी आल्या आल्या माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "सेफ्टी शूज कुठे आहेत?" मी म्हटलं, ही माझी स्वतःची पार्किंगची जागा आहे. ते म्हणाले, "सगळे अपघात कोणाच्या तरी जागेतच होतात." आणि गाडीच्या मागे लाल त्रिकोण उभा करून गेले. त्याला मी दिवसभरात तीनदा अडखळलो.

क्वालिटीवाल्यांनी मल्टिमीटर आणला. चष्मा वर करून, दोन्ही टोकं बॅटरीला लावून त्यांनी आकडा वाचला. "बारा पॉइंट सहा." पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा मला वाचायला लावला आणि सही घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. "पूर्ण भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज हेच. बॅटरी ओके. बॅटरीचा विषय बंद." आणि खरोखरच बंद झाला. पुढचा तासभर कोणी बॅटरीकडे बघितलं जरी, तरी ते "बारा पॉइंट सहा" म्हणून खाकरायचे.

मेंटेनन्सवाल्यांचं मत वेगळं. त्यांनी मला हेडलाइट लावायला सांगितले आणि म्हणाले, "आता सेल मारा." मी सेल मारला. टक्. दिवे जसेच्या तसे लख्ख. "बघा, दिवे मंद होत नाहीत. करंट जातच नाहीये. स्टार्टर जॅम." त्यांनी गाडीखाली हात घालून स्टार्टरला पान्याने चार ठोके दिले. हे काही वेडेपण नव्हे. आतले कार्बन ब्रश झिजून अडकले की अशा ठोक्यांनी सुटतात, आणि हा उपाय कुठल्याही पुस्तकाआधीपासून चालत आलेला आहे. मी सेल मारला. टक्. त्यांनी आणखी चार दिले. टक्. मग ते उठले, हात पुसले आणि म्हणाले, "चाळीस वर्षांत ठोकून न सुटलेली ही दुसरीच केस." पहिली कुठली, हे विचारायचं धाडस झालं नाही. त्यांच्या सौभाग्यवती गॅलरीतच उभ्या होत्या.

यानंतर कार्यपद्धती सुरू झाली. तुम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये राहत नसाल तर सांगायला हवं, की इथे बिघाड दुरुस्त करत नाहीत, आधी त्याचं विश्लेषण करतात. त्याचे मंत्र जपानहून आलेले आहेत आणि सत्यनारायणाच्या पोथीइतकेच पाठ आहेत. पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. क्वालिटीवाल्यांनी सुरुवात केली. गाडी चालू का होत नाही? सेल फिरत नाही म्हणून. सेल का फिरत नाही? इथे मेंटेनन्स आणि टूलरूम असे दोन पक्ष पडले आणि दुसऱ्या 'का'वरच वीस मिनिटं गेली. शेवटी बायकोने गाडीत बसल्या बसल्याच पाची उत्तरं देऊन टाकली.

"गाडी चालू होत नाही, कारण हे ती वापरत नाहीत. वापरत नाहीत, कारण घाबरतात. घाबरतात, कारण नाशिक फाट्याला एकदा टेम्पोला टेकवली होती. टेकवली, कारण मागे बघितलं नाही. बघितलं नाही, कारण मान वळत नाही. दिवसभर पेपर वाचत बसतात."

पाचवं 'का' व्यवस्थेतल्या दोषापाशी पोचलं पाहिजे असा नियम आहे. हे माझ्या मानेपाशी पोचलं. क्वालिटीवाल्यांनी मात्र मान डोलावली. त्यांची वळते.

मग मासा. पार्किंगच्या फरशीवर खडूने माशाचा सांगाडा काढण्यात आला. इशिकावा नावाच्या जपानी गृहस्थाने ही आकृती प्रचारात आणली. डोक्याशी बिघाड लिहायचा आणि एकेका काट्यावर कारणं. माणूस, यंत्र, माल, पद्धत. "श्रावणात मासा?" परचेसवाल्यांनी कुरकुर केली, पण काट्यांवर कारणं भरत गेली. 'माणूस' या काट्यावर माझं नाव दोनदा आलं. बायको पुन्हा म्हणाली, "तो वास कुठे लिहिणार?" क्वालिटीवाले अदबीने म्हणाले, "वहिनी, वास मोजता येत नाही. जे मोजता येत नाही ते काट्यावर बसत नाही."

तेवढ्यात बिजागरीकाका आले.

यांच्याविषयी जरा सविस्तर सांगतो. हे एका मोठ्या कारखान्याच्या डिझाइन विभागात बावीस वर्षं मोटारीच्या दाराच्या बिजागरीवर होते. फक्त बिजागरी. तीही पुढच्या दाराची. मागच्या दाराचं खातं वेगळं होतं, तिथले साहेब आता नाशिकला मुलाकडे असतात आणि दिवाळीला दोघांचा फोन होतो. जगातली कुठलीही गाडी दिसली की बिजागरीकाका तिच्या पुढच्या दाराशी जातात. लग्नाच्या वरातीत नवरा-नवरी गाडीत बसतात तेव्हा सगळे नवरीकडे बघतात, हे दाराच्या कोपऱ्याकडे. त्या दिवशी त्यांनी उघड्या बॉनेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, डोळे मिटले, दार सोडलं.

टप्प.

पुन्हा उघडलं, पुन्हा सोडलं. टप्प. सात-आठ वेळा झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. ते ओले होते.

"वीस वर्षं! वीस वर्षांनी हा आवाज! अहो, गाडीला काही झालेलं नाही."

मी म्हटलं, काका, पण चालू होत नाही.

"तो भाग वेगळा," ते म्हणाले.

मला तेव्हा हसू आलं, पण नंतर बराच वेळ ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. दापोडीपासून चाकणपर्यंतचा हा पट्टा बघा. इथे टेल्को आली, तिची 2003 साली टाटा मोटर्स झाली. 1998 च्या 30 डिसेंबरला बाजारात आलेली इंडिका इथल्या पिंपरीत जुळली, आणि त्या दिवसाची गोष्ट आमच्या कट्ट्यावर अजून अशी सांगतात, की जणू घरातच बारसं होतं. आकुर्डीत बजाजची चेतक निघायची, जिच्यासाठी लोक लग्न ठरायच्या आधी नंबर लावून ठेवत. चिंचवडला बेअरिंगं बनतात, बॅटऱ्या बनतात. चाकणला 2009 साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच सुमारास मर्सिडीज पिंपरीहून तिकडे गेली, पाठोपाठ महिंद्रा आली. त्यांच्यामागे भोसरी, तळवडे, चिखलीच्या शेडांतून हजारो छोटे कारखाने, कोणी फक्त वॉशर करतो, कोणी फक्त आरशाचा दांडा. एवढ्या मोटारी जिथे जन्माला येतात, त्या गावात अख्खी मोटार माहीत असलेला माणूस मला कट्ट्यावर एकही सापडला नाही. लाइनवर गाडी प्रत्येकाच्या पुढ्यात दोन-तीन मिनिटं थांबते आणि पुढे सरकते. तेवढ्या मिनिटांत तिला जे करायचं ते ह्या मंडळींनी तीस-तीस वर्षं बिनचूक केलं. संपूर्ण गाडी त्यांनी पाहिली ती रस्त्यावर, ट्रॅफिकमध्ये, इतर सगळ्यांसारखीच मागून.

असो. गर्दी वाढत होती. स्कूटर प्लांटमध्ये आयुष्य काढलेले एक काका आले आणि त्यांनी गाडीच्या एका बाजूला उभं राहून तिला तिरकी करता येईल का याचा अंदाज घेतला. चेतकवाल्या पिढीला वेगळं सांगायला नको. दहा किकांत चालू झाली नाही की स्कूटर डाव्या अंगावर झुकवायची, क्षणभर धरायची, सरळ करून किक मारायची. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरतं असं कारण सांगत, पण मला वाटतं स्कूटरलाही कोणीतरी कुशीवर घेतल्याचं बरं वाटत असावं. "चारचाकीला हे सुख नाही," काका खेदाने म्हणाले आणि टायरवर हलकेच लाथ मारून बाजूला झाले.

चाकणला कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअर बघणारा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा घरूनच काम करत होता. तो लॅपटॉप बंद न करता खाली आला आणि डॅशबोर्डखाली खोचायचा एक छोटा डबा त्याने काढला. गाडी स्वतःच्या दुखण्याचा संकेतांक सांगते म्हणे. पण ती सोय आपल्याकडच्या गाड्यांना सक्तीची झाली 2010 नंतर. माझी 2005 ची, जुन्या वळणाची. दुखलं तरी सांगायची नाही. त्याच्या मोबाइलवर 'जोडत आहे, जोडत आहे' एवढंच फिरत राहिलं. शेवटी तो म्हणाला, "काका, एकदा बंद करून परत चालू करून बघा ना."

"बाळा," टूलरूमवाले म्हणाले, "अर्धं काम झालेलं आहे. बंद आहे."

टूलरूमवाले हे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ. त्यांना हँडलचा काळ आठवतो. फियाट आणि ॲम्बॅसिडरच्या बंपरखाली एक भोक असायचं. बॅटरी गेली की त्यात वाकडा लोखंडी दांडा घालून इंजिन हाताने फिरवायचं. "अंगठा गुंडाळायचा नाही," ते दांडा धरल्यासारखी मूठ करून दाखवत होते, "इतर बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. इंजिन उलटं फिरलं तर दांडा झटक्याने मागे येतो आणि मनगट जातं." विजेचा स्टार्टर अमेरिकेत केटरिंग नावाच्या माणसाने केला आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये तो पहिल्यांदा बसला, ते याच मनगटांच्या पुण्याईने. त्याच्याही आधीची गोष्ट बेर्टा बेंझबाईंची. 1888 च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, त्यानेच केलेली तीनचाकी मोटार घेऊन दोन मुलांसह माहेरी निघाली. शंभराहून जास्त किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिला मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. आणि संध्याकाळी माहेरी पोचली. तिच्या नवऱ्याच्या नावाची गाडी आज चाकणला बनते, म्हणजे बाई तशा आमच्या शेजारच्याच. हे मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तिच्या सोसायटीत मल्टिमीटर नव्हता."

सव्वादहा वाजले होते. कोणीतरी भंगारात काढा म्हणालं. एरवी या सूचनेला जोर येतो, पण 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतली भंगाराची दुकानं आणि गोदामं जमीनदोस्त केल्यापासून असं म्हणणाऱ्याला लगेच प्रतिप्रश्न येतो, कुठे नेऊ ते सांग. त्यामुळे ती सूचना बारगळली आणि धक्का मारायचं ठरलं.

इथे युनियनवाले पुढे झाले. वर्षानुवर्षं गेटसभा गाजवलेला आवाज. "मल्टिमीटर नको, मासा नको," त्यांनी मुठी वळल्या, "एकजूट पाहिजे!" ढकलणारे अकरा जण होते आणि त्यांच्या वयांची बेरीज आठशेच्या पुढे होती. तीन बायपास, चार बदललेले गुडघे आणि एक पेसमेकर. पेसमेकरवाले म्हणाले, "मी मागे थांबतो. माझी बॅटरी वेळेवर बदललेली आहे, पण उगीच परीक्षा नको." सेफ्टीवाल्यांनी सगळ्यांना डाव्या पायाने सुरुवात करायला सांगितली. माझं काम सोपं होतं: चावी चालूवर, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडायचा. पहिल्या खेपेला गाडी छान पळाली, मी क्लच सोडला, गाडी हिसका देऊन थांबली. चावी बंद होती. याबद्दल कोणी काही बोललं नाही. त्या न बोलण्याचाच त्रास झाला. दुसऱ्या खेपेला इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि चालू झालं.

टाळ्या झाल्या. बिजागरीकाकांनी धावत येऊन माझं दार नीट लागलं आहे ना ते पाहिलं. मागून क्वालिटीवाले ओरडले, "कुठेही बंद करू नका!"

मी केली नाही. निगडीच्या पंपावर पेट्रोल भरायला थांबलो, तिथल्या मुलाने नळी उचलली आणि पाटीकडे बोट दाखवलं. इंजिन बंद करा. मी त्याला परिस्थिती समजावून सांगितली. तो म्हणाला, "काका, बंद." नियम बरोबरच आहे. बंद केली. पेट्रोल भरलं. चावी फिरवली. टक्. मागे सहा रिक्षा. दीड-दोन महिन्यांपूर्वीच याच रस्त्याने तुकोबांची पालखी गेली होती; देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम, तिथून थेट पंढरपूर, सगळं पायी. लाखो माणसं आणि एकाचीही चावी अडकली नाही. मला आरटीओपर्यंतचे काही किलोमीटर पार होत नव्हते. रिक्षावाल्यांनीच गाडी ढकलत पंपाच्या कडेला एका कडुलिंबाखाली आणून सोडली.

त्या झाडाखाली एक गॅरेज होतं. म्हणजे एक टपरी, टायरांचा ढीग, पाण्याचं पिंप आणि पन्नाशीचा एक मिस्त्री. बोलण्यावरून लातूर-उदगीरकडचा. त्याने काही विचारलं नाही. बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "मारा बरं सेल." टक्. "आणिक मारा." टक्. पाच-सहा वेळा मारायला लावला आणि या वेळी तो इंजिनकडे बघतच नव्हता. तळहात इकडेतिकडे ठेवत होता, तापलेल्या पोराच्या अंगावरून फिरवावा तसा. मग त्याचा हात थांबला.

"साहेब, ही ॲक्सिलरेटरची केबल का तापायलीय?"

मला काय माहीत.

"कसला वास बी येत असल बघा. जळका."

मागच्या सीटवरून नव्हे, शेजारच्या सीटवरून माझ्या कानाच्या दिशेने एक नजर आली. ती मी वळून पाहिली नाही. मान वळत नाही, हे वर आलेलंच आहे.

मिस्त्रीने जाड वायरचा एक तुकडा आणला, एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडावर दाबून धरलं. "मारा." इंजिन एका झटक्यात चालू झालं. 2005 साली शोरूममधून बाहेर काढताना झालं होतं तसं.

मग त्याने समजावलं. बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडलेला असतो. पण इंजिन बसतं रबरी पायांवर, हादरे लागू नयेत म्हणून. आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची, वेणीसारखी विणलेली एक पट्टी असते. अर्थिंग. स्टार्टर एका वेळी शंभराहून जास्त अँपिअर ओढतो आणि तो सगळा करंट याच पट्टीने घरी परततो. माझ्या गाडीची पट्टी वीस पावसाळे खाऊन हिरवा भुगा झाली होती. परतीचा रस्ताच बंद. मग करंट जिथून जमेल तिथून, म्हणजे ॲक्सिलरेटरच्या बारीक केबलमधून वाट काढत होता. ती तापायची, तिच्यावरचं प्लास्टिक भाजायचं. स्टार्टरला मात्र फिरण्यापुरता करंट मिळत नव्हता.

"चाकणला तळेगाव चौक जाम झाला की गाड्या कुठनं घुसतेत?" त्याने विचारलं.

"मोई-निघोज्यातून."

"मग तेच की. गल्लीतनं कंटेनर जाईल का?"

मी तीन वर्षं चाकण शाखेत काढलेली आहेत. तळेगाव चौकात अडकून पडण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. शेजारच्या संग्रामदुर्गावर फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 साली शाइस्तेखानाला जवळजवळ दोन महिने अडवून धरलं, हा इतिहास त्या चौकात उभं राहिलं की सहज पटतो. तरी विजेचं मला इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. शाळेतही नाही.

पट्टीचे दोनशे, मजुरीचे दीडशे. पावती नाही. वीस मिनिटांत काम झालं, त्यातली दहा पट्टी आणायला गेलेल्या पोऱ्याची.

अकराची वेळ हुकली होती, म्हणून घरी आलो. पार्किंगमध्ये मासा तसाच होता आणि सभोवती मंडळीही. मी निकाल सांगितला. थोडा वेळ शांतता. मग क्वालिटीवाले म्हणाले, "म्हणजे बॅटरी ओके होती." मेंटेनन्सवाले म्हणाले, "आणि करंट जात नव्हता, हे मी म्हणालोच होतो." आणि खरंच, एकही माणूस चुकला नव्हता. बॅटरी चांगली, स्टार्टर चांगला, पेट्रोल चांगलं, दार तर उत्तमच. बिघाड होता तो दोन भागांच्या मधल्या पट्टीत, आणि मधल्या पट्टीचं खातं आमच्या सोसायटीत कोणाकडेच नाही. क्वालिटीवाल्यांनी माशाला आणखी एक काटा काढला, त्यावर 'अर्थिंग' लिहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि जरा थांबून शेजारी 'वास' असंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला. मूळ कारण, तात्पुरता उपाय, कायमचा उपाय. जबाबदार व्यक्ती या रकान्यात मी. परचेसवाल्यांनी खाली पेन्सिलीने शेरा मारला होता: साडेतीनशे जास्त झाले, तीन ठिकाणी विचारायला हवं होतं.

पुढच्या मंगळवारी गाडी आरटीओत गेली आणि पास झाली. दिवे, ब्रेक, हॉर्न, धूर, सगळं ठीक. तपासणाऱ्या साहेबांनी उतरताना फक्त एक गोष्ट तोंडी सांगितली, कागदावर लिहिली नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार जरा खाली उतरलंय, बिजागरी बघून घ्या.

हे मी अजून बिजागरीकाकांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.